मालतीबाईंचा डावा गाल

सुवर्णानं फोनवर एकच वाक्य म्हटलं होतं, "ताई, या वर्षी कानबाईला तुम्ही याच." पलीकडून उज्ज्वला "का गं वहिनी, काय झालं?" म्हणेपर्यंत हिनं रिसीव्हर ठेवून दिला आणि बूथवाल्याच्या स्टुलावर मटकन बसली. शपथ मोडली नव्हती. सासूनं कानबाईची शपथ घातली होती, "उजीला सांगशील तर बघ." सांगितलं काहीच नव्हतं. नुसतं बोलावलं होतं. सणाला नणंदेला बोलावणं हा काही गुन्हा नाही, असं ती सुरतेतल्या लिंबायतच्या गल्ल्यांतून घरी येईपर्यंत स्वतःला बजावत राहिली, आणि घरी आल्यावर त्या नादात डाळ करपवली.

आता श्रावणातला तो रविवार उजाडला होता. गल्लीतली निम्मी लूमखाती बंद होती, कारण चालवणारे हात सगळे खानदेशी आणि खानदेशी माणूस कानबाईच्या दिवशी मालकाच्या बापाचंही ऐकत नाही. एरवी इथं माणसं मागांच्या खटखटीच्या वरच्या पट्टीत बोलतात. आज खटखट नव्हती, तरी सवयीनं सगळे तसेच बोलत होते, त्यामुळे अख्खी गल्ली भांडतेय असं वाटत होतं. पाटावर कानबाई बसली होती. नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर सासूच्या, मालतीबाईंच्या, लग्नातली हिरवी साडी. तिच्यासमोर बसलं की घरातल्या गोष्टी तिला सगळ्या माहीत आहेत असं वाटायचं, आणि सुवर्णाला आज नेमकं तेच नको होतं.

उज्ज्वला शनिवारी संध्याकाळी आली होती. मुंबईच्या एका कॅन्सर संशोधन संस्थेत ती शास्त्रज्ञ. चौतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, केसांत चार पांढरे. आल्या आल्या थोरल्या काकूच्या, मालतीबाईंच्या, गळ्यात पडली. मालतीबाईंनी तिला डाव्या बाजूनं जवळ घेतलं नाही, उजव्या बाजूनं घेतलं. सुवर्णाच्या ते लक्षात आलं. उज्ज्वलाच्या नाही. प्रवासानं दमलेली होती बिचारी.

"वहिनी, तू फोन का ठेवलास गं?" तिनं स्वयंपाकघरात येऊन विचारलं होतं.

"लाईन कटली," सुवर्णा म्हणाली आणि गव्हात खडे शोधू लागली, जे तिनं आधीच दोनदा शोधले होते.

*

सुवर्णाच्या सासऱ्यांना, बन्सीलालना, मात्र सगळं छान चाललंय असं वाटत होतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अठ्ठावीस वर्षं सुरतेत, लूमखात्यात कामगार म्हणून शिरला आणि मास्टर म्हणून बाहेर पडला. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या कर्त्यानं मोजायचे असतात. दर पुरुषामागं सव्वा मूठ. त्यांनी स्वतःची मोजली, मुलाची, योगेंद्रची मोजली, आणि मग हात तसाच सुपावर धरून थांबले.

"आज आणखी एक घालू," ते म्हणाले.

"कुणाची?" योगेंद्रनं विचारलं.

"उजीची. पुरुषाला जमलं नाही ते तिनं केलं. नावानिशी पेपरात आलं."

"मोठबाबा, रीत मोडू नका माझ्यासाठी," उज्ज्वला थोरल्या काकांना हसत म्हणाली. पण तिला बरं वाटलं. का वाटू नये? जपानहून, स्वीडनहून पत्रं यायची तिला, तुमच्या निबंधावरून आम्ही असं करून पाहिलं म्हणून. त्या पत्रांनी जे झालं नव्हतं ते या मूठभर गव्हांनी झालं. 

भिंतीवर, कानबाईच्या पाटाच्या अगदी वर, ते कात्रण फ्रेम करून लावलेलं होतं. खानदेशी समाजाच्या साप्ताहिकाचं. "लिंबायतच्या लेकीनं शोधला कॅन्सरवर इलाज." खाली उज्ज्वलाचा कॉलेजातला फोटो, आणि कोपऱ्यात निळ्या शाईत तिची सही. दिवाळीत बन्सीलालनी पेन आणि कात्रण पुढं केलं होतं. मथळा चुकीचा आहे हे तिला तेव्हाच दिसलं होतं. ती हसली होती, "असं नसतं हो मोठबाबा," असं काहीतरी पुटपुटली होती आणि मग त्यांचा चेहरा पाहून सही करून टाकली होती. एवढा खूश माणूस, कशाला हिरमोड करायचा.

*

मालतीबाई दुपारी आडव्या पडल्या की हल्ली त्यांना नदी ऐकू यायची. तापी घरापासून चांगली लांब, मध्ये बाजार, रेल्वेचे रूळ, काय काय. तरी यायची. दुखण्यावरच्या गोळ्यांनी डोकं जरा तरंगायचं, आणि मग प्रकाशा गावाचा घाट दिसायचा, जिथं त्यांचं माहेर. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया, त्यांची काकणं, त्यांची गाणी. तेच पाणी वाहत वाहत इथं येतं. बुधवारी आईच्या पायांवरून गेलेलं पाणी रविवारी सुरतेत. योगेंद्रनं एकदा सांगितलं होतं, "आई, मध्ये उकाईचं धरण आहे, अडतं तिथं." त्या म्हणाल्या होत्या, "अडलं म्हणून काय झालं, येतंच ना शेवटी?" 

जिभेचं टोक आपोआप डाव्या गालाकडं जायचं. तिथं होतं ते. माघात खरखरीत होतं, आता चिंचोक्याएवढं, कडेनं टणक. बरोबर तिथंच, जिथं त्या सकाळची मशेरी धरायच्या. भाजून काळी केलेली तंबाखू, छोट्या पितळी डबीत. उजीनं किती वेळा ती डबी फेकून दिली असेल. त्या दुसरी आणायच्या. आता मात्र तीन महिने हात लावला नव्हता, आणि याचं कौतुक करायला कुणी नव्हतं, कारण कुणाला सांगायचंच नव्हतं.

घाबरल्या नव्हत्या असं नाही. भयंकर घाबरल्या होत्या. पण डोळे उघडले की समोर कात्रण दिसायचं. इलाज शोधला. छापलेलं आहे, खाली सही आहे. औषध म्हणजे काय, बाटलीत भरायला वेळ लागतोच. पोर म्हणेल, मोठमाय, घे, झालं तयार. तोवर थांबायचं. आणि डॉक्टरकडं गेलं तर तो सरूचं केलं तेच करणार. सरू, म्हणजे सरस्वती, त्यांची धाकटी जाऊ आणि उजीची आई. पंचवीस वर्षं झाली. मुंबईला नेली, अर्धा गाल कापून आणली, आणि तीन महिन्यांत गेली. दोन वर्षांनी भगवान भावजीही काविळीनं गेले. आई गेली तेव्हा उजी नऊ वर्षांची, तेव्हापासून यांच्या पदराला. सरूला चमच्यानं दूध पाजायच्या त्या. अर्धं बाहेर यायचं.

आणि गाणं? उद्या कानबाईला तापीवर नेताना पुढं कोण गाणार? वीस वर्षं लिंबायतेतून कानबाई निघते ती मालतीबाईंच्या आवाजावर. अर्ध्या गालानं कोण गाऊ देईल?

"आत्याबाई, उठता ना? ताट वाढलंय," सुवर्णा दारातून म्हणाली. सासूला आत्याबाई म्हणायची ती, तिच्या शिंदखेड्याकडच्या रीतीनं.

*

कानबाईचा रोट फक्त घरच्यांनी खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. जाडजूड, जात्यावरच्या पिठाचा, दाताला काम देणारा. सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर, आमटी. सगळे पाटासमोर ओळीनं बसले. उज्ज्वलानं रोटाचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि लहानपणीसारखे डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा तिला मोठमायच्या हातातली वाटी दिसली. वाटीत दूध, दुधात रोटाचा लगदा. मोठमाय तो बोटांनी उजव्या गालात सारत होत्या आणि न चावता गिळत होत्या.

"मोठमाय, रोट दुधात?"

"दात हालस व," मालतीबाई म्हणाल्या. "म्हातारी व्हयनू ना आते."

"कुठला दात?"

"असंच. सगळाच."

सुवर्णानं मान खाली घातली. योगेंद्रनं पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं केला. बन्सीलाल म्हणाले, "खाऊ दे ना तिला, सणाचं काय चौकशी लावलीस." तिघांनी एकाच वेळी काहीतरी केलं म्हणूनच उज्ज्वलाला कळलं. तिनं ताट बाजूला सारलं, कपाटावरची टॉर्च आणली आणि मोठमायच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"आ करा."

"देवीसमोर? उष्ट्या तोंडानं?"

"आ करा, मोठमाय."

चौतीस वर्षांत या पोरीनं असा आवाज लावला नव्हता. मालतीबाईंनी तोंड उघडलं.  उज्ज्वलानं बघितलं. मग टॉर्च बंद करून मोठमायच्या हनुवटीखाली, मानेच्या कडेनं दोन्ही बाजूंनी हळूहळू बोटं फिरवली, गाठ शोधत. बराच वेळ फिरवत राहिली. गाठ लागली नाही. ती एक गोष्ट धरून तिनं श्वास घेतला.

"कधीपासून?"

मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"कधीपासून आहे हे?"

"माघापासून," सुवर्णा म्हणाली, आणि मग तिला थांबवेना. "मी वैशाखात पाहिलं, ताई. चूळ भरताना रक्त आलं. मला शपथ घातली. मी यांना सांगितलं, मामंजींना सांगितलं. सगळे म्हणतात थांब, थांब. तुम्हाला म्हणून फोन केला, पण सांगितलं नाही हो काही, खरंच नाही."

"शपथ मोडी तू," मालतीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. "कानबाईसमोर बसीसनी मोडी."

"आईचं दुखणं चव्हाट्यावर मांडायला तुला कुणी सांगितलं होतं?" योगेंद्र बायकोवर घसरला.

"चव्हाटा? ही चव्हाटा आहे?" सुवर्णानं उज्ज्वलाकडं बोट केलं. "घरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरला घरातला फोड सांगायचा नाही, आणि तिची फ्रेम मात्र रोज पुसायची. फ्रेम कोण पुसतं? मी पुसते!"

बन्सीलालनी हात वर केला. मास्टर असताना खात्यात असाच करायचे. "गप्प बसा. कुणी लपवलं नाही. मीच थांब म्हटलं. घरात औषध तयार होतंय, मग परक्याची सुरी कशाला लावून घ्यायची? उजे, तुला त्रास देऊ नये, कामात आहेस, म्हणून कळवलं नाही. बोल आता. तुझं औषध कधी येतं बाजारात?"

उज्ज्वलानं त्यांच्याकडं बघितलं. ते गंभीरपणे विचारत होते. उत्तराची वाट बघत होते, जशी महिनेच्या महिने बघितली होती.

"औषध नाही, मोठबाबा."

"नाही म्हणजे अजून नाही."

"नाही म्हणजे नाही. माझ्या कामानं आजवर एकही माणूस बरा झालेला नाही. एकही नाही."

"मग हे?" बन्सीलालनी वर बघितलं. "इलाज शोधला. सही तुझी आहे."

"माझी आहे," ती म्हणाली. "मला माहीत होतं ते खोटं आहे. तुम्ही खूश होता म्हणून केली. मला वाटलं काय बिघडतं." आणि ती कानबाईसमोर, सगळ्यांसमोर, तोंडावर ओढणी न घेता ढसाढसा रडली.

मालतीबाईंचा राग कुठच्या कुठं गेला. "कसाले रडस व पोरी?" त्या पुढं सरकल्या. "माले काही व्हयेल नई. रडू नको, माय मनी."

*

तिसऱ्या प्रहरी पुरुष ओट्यावर येऊन बसले. योगेंद्र पलसाण्याच्या डाइंगमध्ये रंगाच्या हौदावर होता, त्याची नखं कायम निळी. तो बराच वेळ नखांकडं बघत राहिला. उज्ज्वला बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली.

"उजे, मग तू तिथं करतेस काय इतकी वर्षं?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. घरात कुणी हे कधी विचारलंच नव्हतं.

"रंगवते," ती म्हणाली. "तुझ्यासारखंच. फोडाचा कापलेला तुकडा येतो. त्याचा पापुद्रा काढायचा, काचेवर ठेवायचा, रंग द्यायचा. बघ दादा, अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. रक्तातून हिंडतात. पहारेकरी म्हण. वाईट काही दिसलं की जाऊन मारतात. मला प्रश्न पडला होता की कॅन्सर दिसतो त्यांना, मग का मारत नाहीत?"

"का नाहीत?"

"जातात. भोवती जमतातसुद्धा, गर्दी करून. आणि तिथं झोपतात. कॅन्सर त्यांना काहीतरी करतो. मी असा रंग वापरते की जागा असेल तो तपकिरी होतो. झोपलेला रंग धरत नाही, फिका निळा राहतो."

योगेंद्रनं मान वर केली. रंग धरणं आणि न धरणं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. "आणि कुणाचे जागे असतात?"

"एकशे बारा माणसांचे पापुद्रे पाहिले मी. फोड लहान असताना कापला त्यांच्यातल्या बहुतेकांचे जागे होते. ती माणसं जगली, पुष्कळशी. उशीर झाला की झोपतात. एवढंच माझं संशोधन. इलाज तोच जुना आहे, सुरी. मी फक्त दाखवलं की लवकर का."

"सगळी जगली का, लवकरवाली?"

"नाही. सगळी नाही. तुला खोटं सांगणार नाही, एकदा सांगून बसलेय."

बन्सीलाल ओट्याच्या टोकाला पाठ करून बसले होते. ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग ते उठले, आत गेले, स्टूल ओढलं आणि फ्रेम काढली. खिळा निघेना म्हणून तो तसाच राहिला. फ्रेम हातात घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"सुवर्णा," ते म्हणाले, "बरं केलंस फोन केलास ते. घरात तू एकटी शहाणी निघालीस." सुनेला नावानं हाक त्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा मारली होती. तिच्या हातातलं ताट भांड्यांत आपटलं.

योगेंद्र ओट्यावरून म्हणाला, "पण आई तयार व्हायला पाहिजे ना. नाहीच म्हणेल ती."

*

मालतीबाई तयार नव्हत्या. कानबाईच्या पाटाजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या, नदी ऐकत. उज्ज्वला येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, तशी ती शाळेतून आली की पडायची.

"नई जाणार मी," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "सरूला कापलं ना? काय झालं?"

"आई उशिरा गेली, मोठमाय."

"तुला काय माहीत? नऊ वर्षांची होतीस. तोंडात बोट घालून दारात उभी असायचीस."

उज्ज्वलानं मांडीवरचं डोकं उताणं केलं. मग छताकडं बघत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "मी आईला बघितलंय."

मालतीबाईंचा केसांतला हात थांबला.

"आमच्याकडं जुने तुकडे ठेवलेले असतात, मेणात. टाकत नाहीत. तळघरात कपाटंच्या कपाटं. दोन वर्षांपूर्वी मला जुने नमुने हवे होते, म्हणून एकाहत्तर सालची वही काढली. त्यात नाव होतं. सरस्वती भगवान, वय अठ्ठावीस, मुक्काम सुरत. मेणाची एवढीशी वडी. मी कुणाला सांगितलं नाही. सगळे गेल्यावर स्वतः पापुद्रा काढला, रंगवला आणि भिंगाखाली ठेवला."

"कशी दिसत होती?" मालतीबाईंनी विचारलं. अगदी हळू, माहेरून कुणी आल्यावर विचारतात तसं.

"निळी, जांभळी. मधे मधे गुलाबी. सुंदर होती, मोठमाय. मी खूप वेळ बघत बसले. मला वाटलं मी आत चाललेय, गल्लीतून गल्लीत. आणि सगळे पहारेकरी तिच्याभोवती जमलेले होते, हजारोंनी. सगळे निळे. झोपलेले." ती उठून बसली. "आईनं फोड लपवला होता. किती दिवस, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. दीड वर्ष. आणि लपवायला मदत कुणी केली होती? जाऊबाईंनी. सासऱ्यांना कळू नये म्हणून सरूच्या वाटचा रोट दुधात कालवून देणाऱ्या त्याच होत्या. हे त्यांनी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही तोंडातून निघालं नाही. वाटी अजून पाटाजवळ पडली होती, तळाशी दूध वाळलेलं. त्या वाटीकडं बघत राहिल्या, आणि नदीचा आवाज बंद झाला. सरूची भरली तशीच आपली वाटीही आपणच भरून घेतली, एवढं त्यांना समजलं.

"सोमवारी कानबाई पाण्यावर जाऊ दे," एवढंच त्या म्हणाल्या. "मग बघू."

"बघू नाही. मंगळवारी मुंबईला. मी तिथल्या सर्जनना सांगून ठेवते."

"बघू म्हटलं ना."

*

सोमवारी सकाळी गल्ली निघाली. बाया नव्या साड्यांत, डोक्यावर कानबाया, पुढं डफ आणि पावरी. मालतीबाई सगळ्यांत पुढं. आवाज अजून तोच होता, भरदार, जरा नाकातला. पण एक हात पदरासकट डाव्या गालावर. बाया समजल्या दात दुखतोय. सुवर्णा त्यांच्या मागोमाग चालत होती. सासू तिच्याशी काल दुपारपासून एक शब्द बोलली नव्हती, तरी गाण्याचं धृपद ती न चुकता उचलत होती.

घाटावर ऊन पाण्यावर पसरलं होतं. वरच्या पावसानं तापी गढूळ, भरलेली. बाया गुडघाभर पाण्यात उतरल्या. कानबाईला स्नान घातलं, नथ काढली, नारळ पुसून परत टोपलीत ठेवला, घरी न्यायला. उज्ज्वला सलवार भिजवत मोठमायच्या बाजूला उभी राहिली. तिला उत्तर हवं होतं आणि विचारायची भीती वाटत होती.

मालतीबाई पाण्याकडं बघत होत्या.

"उजी, सगळेच झोपलेले होते?"

"काय?"

"सरूचे. सगळेच?"

 खोटं सांगून काय होतं ते उज्ज्वलानं कालच बघितलं होतं. म्हणून आठवून, जपून म्हणाली, "नाही. एक होता. अगदी कडेला. एकच तपकिरी ठिपका. मी तीनदा तपासलं. जागा होता."

मालतीबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडून दिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"माझा कापतील तो तुकडा कुणाकडं जाईल?"

"माझ्याकडंच येतो."

"दुसऱ्या कुणाला देऊ नको. तूच रंगव. नीट मोज." त्यांनी नाक ओढलं. "माझ्यात जागे सरूपेक्षा जास्त निघतील. ती गरीब होती गं. मी पहिल्यापासून भांडकुदळ."

उज्ज्वलाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

मालतीबाई मागं वळल्या. "सुवर्णा, इकडं ये. अशी माझ्या डाव्या अंगाला उभी राहा. पुढच्या साली सुरुवात तुला करायची आहे, शब्द नीट ऐकून घे. आणि गाडी कितीची आहे ते तुझ्या नवऱ्याला विचारून ठेव, उद्याची."

मग त्यांनी गालावरचा हात काढला, पदर खोचला आणि तोंड पूर्ण उघडून पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली.